मूठ समोरच्याकडे

तीर्थस्वरूप आत्या यांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे, जिना चढू देतो का, आणि नव्या घरातल्या न्हाणीघराचा नळ ठिबकायचा थांबला का, ते सवडीने कळवावे. (पहिल्या वाक्यापुरते 'आपला' लिहिले, कारण वडीलधाऱ्यांच्या पत्राची सुरुवात तशी करतात असे शाळेत शिकवले होते, आणि माझी शाळा सुटण्याआधी पत्रलेखन पुरे झाले होते. आता पुढे नेहमीसारखे 'तू' लिहितो. राग नसावा.) इकडे आई बरी आहे. बाबांचा खोकला बरा आहे, पण बरा आहे असे म्हटले की त्यांना वाईट वाटते, म्हणून आम्ही म्हणत नाही. माझी तब्येत ठीक, फक्त उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत दुखतो, त्याचे कारण पुढे येईल. तलवार सुखरूप आहे. ती कुठे आहे तेही पुढे येईल. मधला मजकूर सोडून एकदम शेवट वाचू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तू मोठे घर सोडून दोन खोल्यांत राहायला गेलीस त्या दिवशी आतोबांची तलवार माझ्या हातात दिलीस. दिलीस खरी, पण देताना सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस की ह्या पोराला साधी सुरी दिली तरी तो ती रुमालात गुंडाळून ठेवतो, हा तलवार काय सांभाळणार, आठवड्याभरात घाबरून परत आणून देईल. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने आपला पैलवान हसला. (माझा हा चुलतभाऊ आयुष्यात एकदाही कुस्ती खेळलेला नाही, पण दंड बघून सगळे त्याला पैलवान म्हणतात, आणि तो ओ देतो.) मग तूच निकाल दिलास की महिनाअखेरीस तू आमच्याकडे येशील, तेव्हा तलवार भिंतीवर दिसली तर ती माझी, नाही दिसली तर पैलवानाची. सुरी मी रुमालात गुंडाळतो हे खरे आहे. उघड्या पात्यावर कुणाचा तरी हात जातोच. पण घाबरतो म्हणून परत करीन, हे मला लागले. लहानपणी आतोबा फौजी गणवेश शिवायचे तेव्हा मी त्यांच्या मशीनखाली बसून चिंध्या वेचायचो, आणि मान वर केली की ती तलवार दिसायची. एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याला कोट इतका नेमका बसला की त्याने खुशीत कमरेची तलवार सोडून आतोबांना देऊन टाकली, आणि आतोबा त्यावर एवढेच म्हणाले की बरे झाले, आता कोटाची डावी बाजू ओढली जाणार नाही, ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. पैलवान त्या तलवारीचे काय करील? व्यायामशाळेच्या आरशासमोर सदरा काढून उभा राहील आणि फोटो काढून घेईल. तेव्हा मी त्याच दिवशी ठरवले की तलवार आमच्या भिंतीवर राहील, आणि कायद्याने राहील, कुणालाही बोट दाखवायला जागा न ठेवता राहील.

कायद्याचे मला कळले ते असे. इथे हातभर लांबीचे पाते घरात ठेवायचे तर चौकीत नोंद करावी लागते, आणि नोंद नसताना ते रस्त्याने नेता येत नाही. (तू दिलीस त्या दिवशी मी ती तुझ्या जुन्या पडद्यात, पडद्याच्या दांडीशेजारी गुंडाळून आणली, हे मी चौकीत सांगितलेले नाही. त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते, आणि त्या विचाराने मला अजून घाम फुटतो.) म्हणजे नोंद करायला तलवार घेऊन जाणे हाच गुन्हा. म्हणून मी तलवारीचे चित्र नेले. खोलीत जमिनीवर तपकिरी कागद पसरला, तलवार त्यावर आडवी ठेवली आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. मग मुठीची तार, म्यानाची कडी, म्यानाच्या टोकाजवळचा गंजाचा डाग, सगळे जिथल्या तिथे काढले. उभे धरले तर चित्र माझ्या छातीपर्यंत आले. गुंडाळी काखोटीला मारून निघालो तर वाटेत शंका आली की एवढी लांब वस्तू घेऊन चौकीत शिरणाऱ्या माणसाबद्दल दारावरचा शिपाई काय समजेल. तेव्हा एका दुकानातून खडू मागून घेतला आणि गुंडाळीवर ठळक अक्षरांत 'चित्र' असे लिहिले. शिपायाने ते वाचले आणि मला जास्तच बारकाईने तपासले.

आत हत्यारांच्या नोंदीचे एक साहेब बसतात. त्यांचा एक चष्मा डोळ्यांवर असतो आणि दुसरा कपाळावर. माणूस फार चांगला. त्यांनी चित्र टेबलावर पसरले, दोन्ही टोके खाली लोंबू लागली तेव्हा एकीकडे कप ठेवला आणि दुसरीकडे मला धरायला सांगितले. मी विचारून घेतले की चित्र बाळगायला काही लागते का. "अजून तरी नाही," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले की घरात आणखी काही पाती आहेत का. मी तयारीने गेलो होतो. आईच्या सुऱ्या, तिची कात्री, बाबांचा वस्तरा, नखे कापायचे यंत्र, इथपर्यंत ते लिहीत होते. पेन्सिलीला टोक करायच्या यंत्रातही एक पाते असते, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि कपाळावरचा चष्मा काढला. मी काम काय करतो, असे त्यांनी विचारले. धार लावण्याच्या दुकानात, असे मी म्हटल्यावर चष्मा परत कपाळावर गेला.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक तर तलवार पूर्ण बोथट आहे, नुसती शोभेची आहे, असा परवानाधारक धारवाल्याचा दाखला आणायचा. नाही तर मान्यताप्राप्त तलवारबाजी मंडळाचे सदस्य व्हायचे, म्हणजे खेळाडू म्हणून घरी पाते ठेवता येते. ह्यांपैकी काही जमले की ते स्वतः घरी येऊन तलवार बघतील आणि नोंद पुरी करतील. "नाही तर सरळ जमा करून मोकळे व्हा," असेही ते म्हणाले, कारण सध्या नागरिकांनी स्वखुशीने हत्यारे जमा करण्याची मोहीम चालू आहे. त्यांच्या मागे भिंतीवर तिचा मोठा फलक होता. अजून एकही माणूस आला नाही, हे त्यांनी इतक्या खिन्नपणे सांगितले की मला क्षणभर अपराधी वाटले. पण मी हललो नाही. मी म्हणालो की मी दाखला आणतो.

दाखला मिळणे मला अगदी सोपे वाटले होते, कारण आमच्या भागातला परवानाधारक धारवाला म्हणजे माझे मालकच. तुला आमचे दुकान ठाऊक आहे. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, खाटकांचे सुरे, खानावळींच्या सुऱ्या, सगळे आमच्याकडे येते. (आमच्या दुकानाचा एक नियम इथे सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. धार लावलेली वस्तू देताना मूठ समोरच्याकडे करायची, पात्याची पाठ आपल्या हातात ठेवायची, आणि समोरच्याने मूठ धरून 'घेतलं' असे म्हटल्याशिवाय सोडायची नाही. मालकांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे, ती हा नियम होण्याआधीची. मला हा नियम इतका अंगवळणी पडला आहे की घरी मी चमचासुद्धा तसाच देतो आणि आई 'घेतलं' म्हणेपर्यंत धरून ठेवतो. तिला ह्याचा फार राग येतो.) तर मी मालकांना म्हणालो की तलवार लोणीसुद्धा कापत नाही, तेवढे लिहून द्या. मालकांनी चाक थांबवले. चाक ते फक्त जेवायला आणि भांडायला थांबवतात.

"शिक्का कुणाचा?" त्यांनी विचारले.

"आपला."

"शिक्क्यावर काय आहे?"

"धार."

"आणि त्या शिक्क्याच्या वर मी लिहू, धार नाही? आण ती इकडे, दुपारपर्यंत लावून देतो."

मी पुष्कळ समजावले की आपल्याला धार नकोच आहे. ते म्हणाले की धार नको असलेला माणूस त्यांनी अजून पाहिलेला नाही, काहींना ती हवी आहे हे कळलेले नसते एवढेच. त्यानंतर रोज ते त्या तलवारीची चौकशी करू लागले. पोलाद कसले आहे, पात्याला बाक किती आहे, असे विचारायचे आणि हात धोतराला पुसावा तसा चामड्याच्या पट्ट्यावर अंगठा फिरवायचे. मी ओळखले की तलवार ह्या माणसाच्या हाती लागता कामा नये.

राहिले तलवारबाजी मंडळ. ते एका शाळेच्या मागच्या सभागृहात भरते, जिथे बाकीच्या दिवशी बॅडमिंटन खेळतात. शिकवणाऱ्या बाई उंच, ताठ आणि कमी बोलणाऱ्या. कधीकाळी त्या मोठ्या स्पर्धा खेळल्या आहेत असे म्हणतात, त्या स्वतः म्हणत नाहीत. त्यांनी मला पांढरे जाड जाकीट, जाळीचा मुखवटा आणि सरावाची तलवार दिली. ही तलवार म्हणजे बारीक लवचीक काडी असते, टोकाला बटण असते. पाठीमागून वायर लावतात आणि बटण समोरच्याच्या अंगाला दाबले गेले की भिंतीवरचा दिवा लागतो. सदस्यत्वाचे कार्ड हवे असेल तर परीक्षेचा एक सामना खेळायचा, आणि त्यात जिंकलो नाही तरी निदान एक गुण स्वतः मिळवायचा. एक दिवा. मला वाटले, एवढे काय त्यात. तुझ्या भाच्याला रोज शंभर धारांमध्ये हात घालावा लागतो.

पहिल्याच दिवशी माझ्यासमोर दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. वयाने आईएवढ्या, बोलायला अतिशय गोड. सलामी झाली, बाईंनी "सुरू" म्हटले, आणि डॉक्टरीणबाई हातातली तलवार रोखून भराभर पुढे आल्या. समोरून माणूस आपल्याकडे हात करून येतो आहे हे दिसले आणि आत्या, माझ्या हातांनी मला न विचारता तलवार फिरवली, पाते स्वतःकडे घेतले आणि मूठ त्यांच्यापुढे केली. त्या गोंधळल्या. सभ्य बाई असल्यामुळे त्यांनी मूठ धरली. आता त्यांच्याकडे दोन तलवारी होत्या आणि माझ्याकडे त्यांतल्या एकीचे पाते. मी ते सोडीना. बाईंनी लांबून ओरडून विचारले की हे काय चालले आहे. मी म्हणालो, "त्या घेतलं म्हणाल्या नाहीत अजून." डॉक्टरीणबाई मुखवट्यातून हसत होत्या की रडत होत्या ते जाळीमुळे कळले नाही.

त्यानंतर माझ्या हातांची जी शिकवणी सुरू झाली तिची आठवण काढली तरी खांदा ठणकतो. बाईंनी हातमोजा मुठीला दोरीने बांधला. पाणी प्यायचे तेही तलवारीसकट. घरी मी दाराच्या खुंटीवर बाबांचा कोट टांगला आणि लांब छत्री घेऊन सराव करू लागलो. (कोटाचे एक बटण गेले आहे. बाबांनी अजून तो घातलेला नाही, म्हणून त्यांना ठाऊक नाही.) हळूहळू हात ऐकू लागले, टोक पुढे जाऊ लागले, आणि मला वाटले, साधले. पण दुसऱ्याच दिवशी खाटीक त्याचा मोठा सुरा न्यायला दुकानात आला. मी सुरा पट्ट्यावर शेवटचा फिरवला, वळलो, आणि उजवा पाय पुढे टाकून, डावा हात मागे उचलून, बाईंनी शिकवला होता तसा अगदी बिनचूक, सुऱ्याचे टोक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर आणून थांबवले. खाटकाने दोन्ही हात वर केले. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारले. त्याने आयुष्यभर सुरे वापरले आहेत, पण दुसरी बाजू त्याने त्या दिवशी प्रथमच पाहिली, असे तो नंतर मालकांना म्हणाला. मालकांनी मला आठवडाभर फक्त नखे कापायच्या यंत्रांवर बसवले.

तुला वाटेल की मी इथे सोडून दिले असेल. आईनेही तेच सुचवले, आणि बाबांनी तर रोज सुचवले, कारण भिंतीवर तलवार जिथे लावली होती त्या जागेच्या बरोबर खाली त्यांची खुर्ची आहे. खुर्ची हलवा म्हटले तर म्हणतात, खुर्ची आधीपासून तिथे आहे. मी सोडले नाही. मी शांतपणे बसून विचार केला आणि एक नियम काढला. समोरच्याच्या तोंडावर मुखवटा असेल तर टोक, मुखवटा नसेल तर मूठ. दुकानात, घरात, सभागृहात, सगळीकडे हाच नियम. आधी तोंड बघायचे, मग हात हलवायचा. त्यानंतर एकदाही चूक झाली नाही. नियम चांगलाच होता, आत्या. पुढे जे झाले ते नियम मोडल्यामुळे झालेले नाही, हे तू लक्षात घे.

परीक्षेच्या सामन्यात परत डॉक्टरीणबाईच होत्या. त्यांनी माझ्यावर दिव्यामागून दिवे लावले. शेवटी त्यांना जिंकायला एकच गुण उरला आणि माझ्याकडे काहीच नव्हते. पैलवान आरशासमोर उभा असलेला मला स्पष्ट दिसू लागला. तेव्हा मी ठरवले की धावाधाव आपल्याला येत नाही, पण एक गोष्ट आपल्याला ह्या सभागृहातल्या कुणापेक्षाही चांगली येते, ती म्हणजे हात लांब करून, पाते न हलवता, समोरच्याची वाट बघत उभे राहणे. हे तर मी रोज करतो. फरक एवढाच की ह्या वेळी मूठ माझ्याकडे होती. मी हात लांब केला आणि थांबलो. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, किंचित थबकल्या, मला वाटते मी परत तलवार देतो की काय असे त्यांना वाटले असावे, मग पुढे आल्या, आणि माझ्या टोकावर आल्या. दिवा लागला. माझा. मी त्यांची माफी मागितली. पुढच्या गुणाला त्यांनी मला हरवले, पण कार्ड मला त्याच संध्याकाळी मिळाले. बाई फक्त "हं" म्हणाल्या. बाईंचे 'हं' सगळ्यांना मिळत नाही.

मग साहेबांना निरोप दिला आणि ते ठरल्याप्रमाणे गेल्या आठवड्यात दुपारी घरी आले. बरोबर एक शिपाई होता. आईने चादर बदलली होती. साहेबांनी कार्ड पाहिले, चित्राशी भिंत ताडून पाहिली, गंजाचा डाग जागेवर आहे हे पाहून तर ते खूशच झाले. सगळे नियमात होते. आता फक्त तलवार हातात घेऊन पाहायची होती. "जरा बघू," ते म्हणाले. मी स्टुलावर चढलो, तलवार काढली, म्यानातून ओढली, उतरलो, आणि साहेबांकडे पाहिले. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. मुखवटा नव्हता. मूठ त्यांच्याकडे केली.

साहेबांनी मूठ धरली आणि ओढली. मी सोडली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सोडताय ना?" त्यांनी विचारले. मी म्हणालो की घेतलं म्हणा, मग सोडतो. त्यांनी शिपायाकडे पाहिले, आईकडे पाहिले, बाबांकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. कायद्यात असे आहे, हे मला नंतर कळले, की नागरिकाने साक्षीदारांसमोर हत्यार स्वतःच्या हाताने, मूठ पुढे करून अधिकाऱ्याकडे दिले तर ते स्वखुशीने जमा झाले असे समजतात. मोहिमेच्या फलकावर जे चित्र आहे त्यातही माणूस तसाच उभा आहे, मी त्याच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. "घेतलं," साहेब जड आवाजात म्हणाले. आणि मी सोडली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले की एवढी खटपट करून, कार्ड मिळवून, नियमाने ठेवता येत असतानासुद्धा देऊन टाकणारा माणूस त्यांनी नोकरीत पाहिला नाही. मी तोंड उघडले, पण माझ्या तोंडाला माझ्या हातांसारखी सवय नाही, त्यातून वेळेवर काही निघाले नाही. साक्षीदार म्हणून सही हवी होती. बाबांनी खुर्चीतून उठून जी सही केली, आत्या, तेवढ्या चपळाईने मी त्यांना कधी उठताना पाहिलेले नाही. तलवार आईच्या नव्या चादरीत गुंडाळून गेली.

मी त्याच दिवशी त्यांच्या मागोमाग चौकीत जाऊन सगळे सांगितले. दुकानाचा नियम, मुखवट्याचा नियम, सगळे. साहेबांनी ऐकून घेतले. त्यांना खरेच वाईट वाटले, पण त्यांनी वर कळवून टाकले होते आणि वरून त्यांना शाबासकीही आली होती. मोहिमेत आलेले ते पहिले हत्यार. मी खचलो असे समजू नकोस. मी रोज जेवणाच्या सुट्टीत चौकीत जातो आणि साहेबांच्या परवानगीने, कपाटात ठेवल्या ठेवल्याच, तलवारीला म्यानासकट तेलाचा बोळा फिरवून येतो. गंजाचा डाग आता फिका झाला आहे. भिंतीवरचा खिळाही मी काढू दिलेला नाही. बाबा म्हणतात, आता काढ, तर मी म्हणतो, खिळा आधीपासून तिथे आहे.

तेव्हा काळजी नसावी. तलवार सुखरूप आहे आणि ती भिंतीवर येईल. आई-बाबांचा तुला नमस्कार. गुडघ्याला जपावे.

तुझा, ज्याला सगळ्यांसमोर घाबरट म्हणालीस तोच,
भाचा

ताजा कलम: एक बारीकसे राहिले. साहेब म्हणतात, जमा झालेले हत्यार जमा करणाऱ्याला परत मिळत नाही, पण मूळ मालक हजर झाला तर त्याला द्यावेच लागते. तलवार आतोबांची, म्हणजे आता तुझी. मी ती अजून नावावर करून घेतलेली नाही हे किती बरे झाले बघ. तेव्हा महिनाअखेरीची वाट न बघता तू लगेच यावेस, चौकीत मूठ धरावीस आणि 'घेतलं' म्हणावेस, एवढीच विनंती. सगळे पत्र खरे तर त्यासाठीच होते. पैलवानाला सोबत आणू नये.

ताजा कलम दुसरा: पत्र बंद करणार होतो, पण आज सकाळी निराळेच झाले. जमा झालेल्या हत्याराला धार आहे की नाही असा दाखला चौकीला लागतो, आणि तो परवानाधारक धारवाल्याकडूनच. साहेबांबरोबर घरी आला होता तो नव्हे, दुसराच एक शिपाई चादरीत गुंडाळलेली तलवार घेऊन आमच्या दुकानात आला. मालकांनी ती उघडली आणि सरळ चाकाला लावली. दुपारपर्यंत चाक थांबले नाही. आता ती टांगलेला केस कापते. मग त्यांनी 'धार आहे' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि शिक्का असा मारला की टेबल हलले. शिपायाला परत द्यायचे काम त्यांनी माझ्याकडे दिले.

ताजा कलम तिसरा: अक्षराबद्दल क्षमा असावी, हे डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्या हातात तलवारीचे पाते आहे, मूठ शिपायाकडे आहे. तो बराच वेळ उभा आहे. आतापर्यंत तो 'दे', 'सोड', 'धरलं की', 'अहो' आणि 'हात जोडतो' असे सगळे म्हणून झाला आहे. जे म्हणायचे ते म्हणालेला नाही, आणि मी त्याला सांगणार नाही. मालकांकडे त्याने तक्रार केली तर मालक म्हणाले की दुकानाचा नियम आहे, त्यांच्या हातात काही नाही, आणि त्याला बसायला स्टूल दिले. समोरचा न्हावी आत्ताच्या बसने तुझ्याच गावाकडे निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो, म्हणजे तुला तासाभरात मिळेल. परतीची बस लगेच असते. थेट दुकानातच ये. साहेबांनाही इथेच बोलावणे धाडले आहे, ते यायला निघाले आहेत.

पाते मी रुमालात गुंडाळले आहे, हे खरे आहे. पण सोडलेले नाही.